हिंटरमोसची निळी पिशवी

आल्विन त्सुलिगर यांच्या मते त्या सगळ्या प्रकाराला सान ज्युसेप्पे हे संत जबाबदार आहेत. त्यांची बायको रोस्मारी हिच्या मते जबाबदार आल्विन आहेत. संत बिचारे या वादात पडलेले नाहीत.

मार्च लागला की आल्प्सच्या उत्तरेची माणसं लांब बोगद्यातून दक्षिणेला ऊन खायला जातात. आल्विन यांच्या गावाला, हिंटरमोसला, तेव्हा धुकं असतं, गटारांच्या कडेला काळं पडलेलं बर्फ असतं आणि माणसं एकमेकांशी हवामानाबद्दलसुद्धा बोलत नाहीत, कारण बोलण्यासारखं काही नसतं. बोगद्यापलीकडे लुगानोत तळ्याकाठी कामेलिया फुललेल्या असतात. दक्षिणेची माणसं उत्तरेच्या माणसांना हसतात आणि खोल्या भाड्याने देतात. हा व्यवहार कित्येक पिढ्या सुखाने चालू आहे.

आल्विन यांना मात्र उन्हापेक्षा मोठं काम होतं. त्यांच्या एकुलत्या मुलीचं, कोरिनचं, लुगानोच्या तिबेरियो क्वाद्रीशी जमलं होतं. तिबेरियोची आई, सिन्योरा ओर्नेला, तळ्यापलीकडच्या गावात राहायच्या. सान ज्युसेप्पेच्या सणाला त्यांच्याकडे जेवण होतं. तिकडे तो दिवस वडिलांचाही असतो. आणि हे जेवण नीट पार पडणं फार जरुरीचं होतं, कारण आधीचं पार पडलं नव्हतं.

आल्विन यांना लोकांना सुधारण्याची सवय होती. व्यसन म्हटलं तर त्यांना राग येतो, म्हणून सवय. आयुष्यभर त्यांनी जमिनीच्या नोंदी तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर ते आपल्या इमारतीच्या नियम-समितीचे अध्यक्ष झाले. रद्दीला काढलेल्या कुणाच्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्याची दोरी सैल आहे, कोण दुपारच्या शांततेत भिंतीत खिळा ठोकतं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. नाकाने कांदे सोलायची स्पर्धा असती तर देशाचा झेंडा त्यांच्याच हाती दिला असता. गेल्या ख्रिसमसला ओर्नेलाबाईंच्या अंगणात त्यांना भिंतीशी मांडलेल्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी, सगळ्या एकत्र! आल्विन यांनी कोट काढला, सगळ्या पाहुण्यांदेखत बाटल्या रंगवार लावल्या, आणि एवढ्यावर न थांबता गावच्या काच गोळा करायच्या हौदापर्यंत खेपा घालून ज्या त्या रंगाच्या भोकात टाकून आले. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत. फेब्रुवारी सरला तरी बोलल्या नाहीत.

म्हणून शनिवारी लुगानोच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या कोरिनने त्यांचा दंड धरला.

"पप्पा, सोमवारी फक्त जेवायचं. सुधारायचं नाही."

"मी कधी कुणाला—"

"पप्पा! हे जेवण नीट झालं, तर जूनमध्ये लग्नाला दोन्ही घरं एका टेबलाशी बसतील. नाही तर मी आणि तिबेरियो गुपचूप सही करून मोकळे होऊ. तुम्हाला फोटो पाठवीन."

"तुझ्या आईला तरी बोलावशील ना?" आल्विन यांनी विचारलं. ते चेष्टेत विचारलं होतं. कोरिनने मात्र थोडा विचार केला, आणि हे त्यांना फार लागलं.

मुलीवर भार नको म्हणून त्यांनी शहरात एक लहानशी जागा भाड्याने घेतली होती. मालकाचं नाव सिन्योर एल्वेत्सियो. रोस्मारीच्या मनात होतं की तळ्याकाठी एखाद्या खानावळीत दगडी टेबलाशी बसावं, कुणीतरी आयतं वाढावं. आल्विन यांनी बाजारातून तळ्यातले अख्खे मासे आणले.

"स्वयंपाकघराचं भाडं दिलंय आपण," ते म्हणाले. "ते वापरलं नाही तर फुकट जाईल."

मासे त्यांनी स्वतः साफ केले. डोकी, शेपट्या, आतडी, खवले, सगळं त्यांनी घरून घडी करून आणलेल्या निळ्या पिशवीत भरलं. आता या पिशवीविषयी एवढंच सांगायला हवं की आमच्याकडे कचरा वाटेल त्या पिशवीत टाकता येत नाही. ज्या त्या गावाची आपली पिशवी असते, तिच्या किमतीतच कचरापट्टी आलेली असते, आणि तिच्यावर गावाचं नाव ठळक छापलेलं असतं. आल्विन यांची पिशवी हिंटरमोसची होती. हिंटरमोस ही अक्षरं लांबून वाचता यावीत इतकी मोठी होती.

रविवारी ऊन छान पडलं. पिशवी बाल्कनीत होती.

सोमवारी सकाळी एल्वेत्सियो जागा ताब्यात घ्यायला आला, तो दारातच थबकला आणि त्याने नाक वर केलं.

"ही पिशवी इथं चालत नाही, सिन्योरे."

"हिची पट्टी भरलेली आहे," आल्विन म्हणाले.

"हिंटरमोसला भरलीत. मग हिंटरमोसची गाडी बोलवा, घेऊन जाईल." एल्वेत्सियो फार सज्जन माणूस होता, पण चार वर्षं तो उत्तरेच्या पाहुण्यांकडून आपण घडीच्या खुर्चीची घडी चुकीची घातली म्हणून ऐकून घेत आला होता. आज त्याची वेळ होती. "लुगानोची पिशवी घ्या, हे त्यात घाला, खाली ठेवा. नियम आहे."

नियम आहे, हे वाक्य आल्विन यांनी आयुष्यात हजारदा उच्चारलं होतं. ऐकायला ते असं लागतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

ते खाली कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेले. दुकान बंद. दुकानदाराचं नावच ज्युसेप्पे. तो आपल्या संताच्या दिवशी गल्ल्यावर कशाला बसेल? उत्तरेत या सणाची सुट्टी नसते. आल्विन यांना सुट्ट्या सगळ्या पाठ होत्या, पण फक्त आपल्या प्रांताच्या.

एव्हाना जिन्यात सल्लागार मंडळ जमलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई कामेलियाला पाणी घालता घालता म्हणाल्या, "अहो, तळ्याकाठी बागेत पेटी आहे, द्या टाकून."

"अजिबात टाकू नका!" कुत्रा फिरवून आलेले एक गृहस्थ ओरडले. "माझ्या मेव्हण्याने टाकली होती. पकडला. अजून त्याला सगळे पेटीवाला म्हणतात."

"मासाच आहे ना? मग मांजराला घाला," आजीबाई म्हणाल्या.

"मांजर कालच येऊन गेलं," रोस्मारी म्हणाली. "त्याने वास घेतला आणि परत गेलं."

स्टेशनवरचं दुकान उघडं होतं. तिथं लुगानोच्या पिशव्याही होत्या, पण अख्खी गुंडाळी.

"एक सुटी द्या," आल्विन म्हणाले.

"सुटी नाही मिळत."

"पण मला एकच हवीय. उरलेल्या मी हिंटरमोसला नेऊन काय करू? तिथं त्या बेकायदा आहेत!"

"मग पुढच्या वर्षी परत या," दुकानातली मुलगी प्रेमाने म्हणाली.

"घे रे गुंडाळी," रोस्मारी मागून म्हणाली. "घे आणि संपव."

इथे आल्विन यांनी तत्त्वाची बाजू घेतली. माणसाचं वाटोळं व्हायचं असलं की आधी त्याला तत्त्व आठवतं. एकदा पट्टी भरलेल्या कचऱ्याची दुसऱ्यांदा पट्टी भरणं हे त्यांच्या मते कायद्याच्या मुळावर येणारं होतं. स्टेशनवरचे सामानाचे कप्पे सणाच्या गर्दीने भरलेले होते, म्हणून बॅगा कोरिनच्या घरी टाकल्या. रोस्मारी म्हणाली, पिशवी बॅगेत घालून घरी नेऊ. पण बॅगेत आल्विन यांचा लोकरी कोट होता. कोरिनकडे लुगानोची एक पिशवी मागावी, तर सगळी कथा तिला सांगावी लागली असती. मग पिशवी हातातच राहिली.

तळ्याकाठच्या बागेत पेटी होती. तिचं तोंड मात्र मुद्दाम इतकं लहान ठेवलेलं होतं की घरचा कचरा कुणाला आत कोंबता येऊ नये. असल्या पेट्या बसवाव्यात म्हणून आल्विन यांनीच हिंटरमोसला सह्या गोळा केल्या होत्या. त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, पिशवीची गाठ सोडली आणि माशाची डोकी एकेक करून आत सोडायला सुरुवात केली. तिसऱ्या डोक्याला पाणपक्षी आले. पाचव्याला एक राजहंस पाण्याबाहेर निघून चालत आला आणि आल्विन यांच्या विजारीकडे बघत उभा राहिला.

"पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे," बाकावर बसलेल्या, हॅट घातलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या.

"मी खायला घालत नाहीये," आल्विन म्हणाले.

"मग काय करताय?"

आल्विन यांनी एका हातात डोकं आणि एका हातात पिशवी धरून या प्रश्नाचा विचार केला. खरं उत्तर दिलं तर गुन्हा मोठा होता.

"खायला घालतोय," ते म्हणाले. "चुकलं. क्षमा करा."

बाईंनी त्यांच्याकडे, मग पिशवीवरच्या अक्षरांकडे पाहिलं आणि "हिंटरमोस" असं सावकाश वाचलं. लहान मूल फलक वाचतं तसं.

तिथून तळ्यापलीकडे जाणारी नाव धरली. नावेत वर उन्हात माणसं दाटीने बसली होती. आल्विन यांनी पिशवी बाकाखाली सरकवली आणि समोरच्या डोंगराकडे अत्यंत आवडीने पाहायला लागले. पलीकडचा धक्का आला. ते उठले, टोपी नीट केली आणि उतरायला लागले.

"आल्विन, पिशवी," रोस्मारी म्हणाली.

"कुठली पिशवी?"

रोस्मारीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की लग्नाला इतकी वर्षं झाली नसती तर ते तिथेच पाण्यात पडले असते. पण ते उतरले. धक्क्यावरून निघाले. मागून नावेवरच्या माणसाने हाक मारली, "हिंटरमोस! अहो, हिंटरमोसवाले! पिशवी राहिली!"

आमच्याकडे वस्तू हरवणं फार अवघड आहे. सगळी नाव मदतीला धावली. "हिंटरमोस!" वरच्या बाकावरून हाका आल्या. कुणी शिट्टी घातली. सगळ्या तळ्यावर हिंटरमोस, हिंटरमोस असा गजर उठला. आल्विन यांना आपल्या गावाचा फार अभिमान होता. जन्मात पहिल्यांदाच ते गावाच्या नावाला ओ न देता, मान खाली घालून, चढावरून भराभर चालत सुटले. थोड्या वेळाने नावेचा भोंगा वाजला. नाव गेली.

"गेली," आल्विन म्हणाले.

रोस्मारी काहीच बोलली नाही. ही आणि ओर्नेलाबाई, दोघीही न बोलण्यात सारख्याच पटाईत असणार, अशी शंका त्यांना तेव्हा पहिल्यांदा आली.

ओर्नेलाबाईंनी दारातच तीनदा गालाला गाल लावला. ख्रिसमसपासूनचं हे पहिलं बोलणं होतं म्हणायला हरकत नाही. टेबलावर भात होता, मशरूमचा. मग मांस, मग चीज. आल्विन यांनी काहीही सुधारलं नाही. सुरी चुकीच्या बाजूला होती, ते गप्प राहिले. तिबेरियोने कॉफीची वापरलेली पुडी भाजीच्या सालांत टाकली, त्यांनी डोळे मिटले. कोरिनने टेबलाखाली त्यांचा हात दाबला. मुलीने लहानपणानंतर पहिल्यांदाच असा हात दाबला होता.

शेवटी ओर्नेलाबाई गरम तळलेल्या, साखरेत घोळवलेल्या गोळ्यांची परात घेऊन आल्या. सान ज्युसेप्पेला हे करतात. टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची रिकामी होती. ती त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, एत्तोरे यांची.

"आजचा दिवस वडिलांचा," बाई म्हणाल्या. "या घरात आता वडीलमाणूस नाही. सिन्योर आल्विन, तुम्ही तिथं बसा. पहिला तुमचा."

आल्विन उठून त्या खुर्चीत बसले. कोरिनचे डोळे भरले. सुख म्हणतात ते एवढंच असतं, आणि ते साधारण एवढाच वेळ टिकतं. घंटी वाजली.

दारात एत्तोरे यांचे धाकटे भाऊ प्लीनियोकाका उभे होते. ते धक्क्यावर नावांचे दोर बांधायचं काम बघत. त्यांच्या लांब केलेल्या हातात निळी पिशवी होती.

"नावेवाल्यांनी परतीच्या खेपेला धक्क्यावर दिली," काका म्हणाले. "कुणीतरी पाहुणा विसरलाय. म्हटलं, उत्तरेचे पाहुणे तर आपल्याकडेच. तुमचीच ना, सिन्योरे?"

खोलीत वास पसरला. सगळ्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या आल्विन यांच्याकडे पाहिलं.

"नाही," आल्विन म्हणाले.

"पण हिच्यावर हिंटरमोस—"

"हिंटरमोसला पुष्कळ माणसं राहतात," आल्विन म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना इतके दिवस पुस्तकातून माहीत होतं. कोरिनने त्यांच्यावरची नजर काढून घेतली.

"माझी आहे ती," ओर्नेलाबाई म्हणाल्या. "रश्श्याला माशाची डोकी मागवली होती मी."

"हिंटरमोसहून?" काकांनी विचारलं.

"हिंटरमोसहून. तिकडची चांगली असतात."

"हिंटरमोसला तळं आहे?"

"नाही," रोस्मारी म्हणाली. जेवायला बसल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द होता.

बाईंनी पिशवी घेतली आणि त्या आत गेल्या. आल्विन यांच्या पुढ्यात तो साखरेचा गोळा होता. त्यांनी तो तोंडात घातला. तसेच ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

बाई पिशवी खिडकीच्या दगडी कठड्यावर ठेवून शांत बसल्या होत्या.

"सिन्योरा," आल्विन कसेबसे म्हणाले, "ती पिशवी—"

"मला माहीत आहे. बागेत बाकावर हॅटवाल्या बाई होत्या ना? माझी मावसबहीण. तुम्ही नावेत चढायच्या आधीच तिचा फोन आला."

"मग तुम्ही मला त्या खुर्चीत का बसवलंत?"

"त्या आधीच ठरवलं होतं. माशाच्या डोक्यासाठी काय बदलायचं?" बाई हसल्या नाहीत. "प्लीनियोला तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मात्र वाटलं, एत्तोरेची खुर्ची आपण कुणाला दिली."

आल्विन खाली फरशीकडे बघत उभे राहिले. फरशी स्वच्छ होती. तिच्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

"आणि एक सांगते," बाई म्हणाल्या, "आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. ख्रिसमसला तुम्ही माझ्या बाटल्या नेऊन टाकल्यात. त्या कचऱ्याच्या नव्हत्या. एत्तोरेने शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने भरलेल्या वाइनच्या होत्या. वाइन संपली, बाटल्या ठेवल्या होत्या मी. लोकांसमोर काय बोलणार? तुम्ही इतक्या आनंदाने खेपा घालत होतात."

आल्विन यांनी आयुष्यभरात दुसऱ्यांसाठी पुष्कळ वाक्यं तयार करून ठेवली होती, पण स्वतःसाठी एकही नव्हतं. हिरव्या हिरव्यांत, तपकिरी तपकिरींत, काच फुटल्याचा तो खणखणीत आवाज, आणि परत येताना आपण हात झटकले होते, हे त्यांना आठवलं. शाबासकीची वाट बघत अंगणात थोडा वेळ उभंही राहिलो होतो, हेही आठवलं. हे आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

ते बाहेर आले. त्या खुर्चीत न बसता खुर्चीमागे उभे राहिले.

"पिशवी माझी आहे," ते म्हणाले. "मी ती नावेत मुद्दाम सोडली. इथे खोटं बोललो. आणि ख्रिसमसला या घरातून मी जे उचलून नेलं, ते परत आणता येत नाही. ते मला आत्ता कळलं. कोरिन, तुम्ही दोघं सही करून या. मला फोटो चालेल."

प्लीनियोकाका खाकरले.

"पिशवी तुमची, ते आम्हाला माहीतच होतं हो. सगळ्या धक्क्याला माहीत आहे. मला एवढंच सांगा, रस्सा होणार आहे की नाही?"

तिबेरियोने तोंडावर रुमाल धरला. कोरिन हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. ओर्नेलाबाई दारात उभ्या होत्या.

"फोटो कसले पाठवताय?" त्या म्हणाल्या. "लग्नाचं जेवण याच टेबलाशी होईल. बसा खाली, सिन्योर आल्विन. त्याच खुर्चीत. एत्तोरेही कधी चूक कबूल करायचा नाही. तुम्ही निदान जेवण संपायच्या आत केलीत."

आल्विन बसले. खुर्ची तीच होती, पण तिच्यात मघासारखं बसता येईना. ते पुढच्या कडेला, कचेरीत बोलावून घेतलेल्या माणसासारखे बसले.

निघताना बाईंनी त्यांच्या हातात निळी पिशवी ठेवली.

"ही तुमची तुम्ही घेऊन जा. आमच्याही गावात चालत नाही ही. नियम आहे." मग त्यांनी गाठीकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या. "आणि गाठ अशी मारतात होय? द्या इकडे." त्यांनी गाठ सोडली, आणि मोठ्या मायेने एक फुलासारखी सैलशी गाठ मारून दिली.

ती गाठ चुकीची होती. पाहताक्षणीच आल्विन यांच्या लक्षात आलं. एकेरी, उलट्या पिळाची, हिसक्याने सुटणारी गाठ. या विषयावर त्यांनी इमारतीत एक प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. त्यांची बोटं शिवशिवली.

"काय पप्पा?" कोरिन त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघत होती. "बरोबर आहे ना गाठ?"

आल्विन यांनी मुलीकडे पाहिलं. विहीणबाईंकडे पाहिलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

गाठ परतीच्या गाडीत, गोत्थार्डच्या बोगद्यात सुटली. बोगदा लांब आहे आणि त्या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत. उत्तरेची सगळी माणसं उन्हाने लाल होऊन घरी चालली होती. डबा खचाखच भरलेला होता. आधी एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग पलीकडची बाई उठून उभी राहिली. रोस्मारी पुस्तकात डोकं घालून परक्या बाईसारखी बसली होती.

"हे काय आहे? कुणाचं आहे हे?" ती बाई मोठ्याने म्हणाली.

प्रश्न पुरा व्हायच्या आत आल्विन त्सुलिगर यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.